भिंत नंतर, आधी छत्री: आखडलेल्या खांद्याचे तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी गुडघ्यांवर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक खांद्याची. म्हणजे गुडघेवाले वाचून गप्प बसले आणि खांदेवाले म्हणाले, आमचं काय? बरोबरच आहे म्हणा, ज्याला रात्री तीनला जाग येते आणि परत झोप लागत नाही तोच पत्र लिहायला बसणार ना. बऱ्याच जणांचा प्रश्न तोच होता म्हणून सारखी पत्रं बाजूला काढून त्यातलं एकेक घेतलंय, थोडं काटछाट करून. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न: मी ५१ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिकवते. चार महिन्यांपूर्वी उजवा खांदा दुखायला लागला, पडले नाही, लागलं नाही, आपोआपच. आता फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येत नाहीत, मागचा हुक मुलगी लावून देते. रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जातो. एक्स-रे नॉर्मल आहे, डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर. शेजारच्या वहिनी म्हणतात भिंतीवर हात चढवत राहायचा, दुखलं तरी थांबायचं नाही, दुखलं तरच सुटतो. रोज अर्धा तास करते आणि रात्री रडते. माझं काही चुकतंय का? (सातारा)

ताई, भिंत आजपासून बंद. वहिनींना माझं नाव सांगा हवं तर.

आधी आत काय झालंय ते बघू. खांद्याचा सांधा म्हणजे एक गोळा आणि एक उथळ खोबण, आणि या दोघांभोवती एक सैलसर पिशवी, तिला कॅप्सूल म्हणतात. ती सैल असते म्हणून तर आपला हात चारी दिशांना फिरतो. फ्रोझन शोल्डरमध्ये आधी ही पिशवी सुजते आणि मग हळूहळू जाड होऊन आटते, गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर कसा आटतो तशी. नेहमीच्या सांध्यात वीसेक मिली द्रव आरामात मावतो, आखडलेल्यात बऱ्याचदा १० मिलीसुद्धा जात नाही. हाडाला काहीच झालेलं नसतं म्हणून एक्स-रे चांगला येतो आणि घरचे म्हणतात काही नाहीये तुला, उगाच करतेस.

याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली दुखण्याची, साधारण दोन ते नऊ महिने, यात दुखणं जास्त, विशेषतः रात्री, आणि हात रोज थोडा थोडा कमी व्हायला लागतो. दुसरी आखडण्याची, चार ते बारा महिने, यात दुखणं उतरतं पण हात लॉक झाल्यासारखा होतो. तिसरी सुटण्याची, ती सहा महिने ते दोन वर्षं कितीही चालते. हे आकडे म्हणजे काही रेल्वेचं टाइमटेबल नाही आणि तसं बघितलं तर रेल्वेही वेळेवर येत नाही, पण तुम्ही कुठल्या पायरीवर आहात यावर व्यायाम ठरतो, हे मात्र पक्कं. पहिल्या पायरीचा खांदा आतून चिडलेला असतो. त्याला ताणलं की तो अजून चिडतो, मग रात्री दुखतं, मग तुम्ही हात छातीशी धरून ठेवता आणि मग तो अजून आखडतो. तुमचं नेमकं हेच चाललंय.

"दुखलं तरच सुटतो" या वाक्यावर माझा खास राग आहे कारण सुरुवातीला मीही तेच करायचे. फिजिओथेरपिस्ट म्हणून नवीन होते, शिकाऊ असताना तसंच बघितलेलं, पेशंट ओरडला तरी हात वर रेटायचा आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करायची की बघा आज एक इंच जास्त. दुसऱ्या दिवशी तो पेशंट यायचाच नाही. नंतर कळलं की नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ७७ पेशंट घेऊन याचीच तुलना केली होती, २००४ मध्ये ती छापून आली. एका गटाला दुखण्याच्या पलीकडे जाऊन ताणायला लावलं, दुसऱ्या गटाला फक्त समजावून सांगितलं आणि दुखणार नाही एवढ्यातच हलके व्यायाम दिले. दोन वर्षांनी हलक्या गटातले ८९ टक्के लोक जवळजवळ पूर्ववत झाले होते आणि जोर लावलेल्या गटातले ६३ टक्के. एका अभ्यासाने जग बदलत नाही, पण तुम्हाला रडण्यापासून थांबवायला तेवढा पुरे.

मग सध्या काय करायचं? पहिला लंबकाचा व्यायाम. डाव्या हाताने टेबलाला टेका, कमरेत वाका, उजवा हात खाली पूर्ण सैल सोडा, ओला टॉवेल दोरीवर लोंबतो तसा. आता हात हलवायचा नाही, अंग हलवायचं, कंबर पुढेमागे केली की हात आपोआप झुलतो. मग गोल. आधी वाटीएवढं वर्तुळ, आठवड्याभराने ताटाएवढं, परातीएवढं नंतर कधीतरी. दोन्ही दिशांना वीस-वीस फेरे, दिवसातून तीन-चार वेळा. हा व्यायाम कॉडमन नावाच्या बोस्टनच्या सर्जनच्या नावाने ओळखला जातो, फ्रोझन शोल्डर हे नावही त्यांनीच १९३४ मध्ये दिलं. बहुतेक जण यात हात स्वतःच्या जोराने फिरवतात आणि मग म्हणतात काही फरक नाही.

दुसरा, जेवणाच्या टेबलाशी बसा, तळहाताखाली नॅपकिन ठेवा आणि टेबल पुसल्यासारखा हात पुढे सरकवा, त्याच्याबरोबर अंगही पुढे झुकू द्या. ताण जाणवला की तिथे पाच आकडे मोजा, परत या. दहा वेळा. शाळेत डेस्कवरसुद्धा होतं हे, मुलं लिहीत असताना.

आणि झोप. त्या कुशीवर झोपायचं नाही हे तुम्हाला खांदाच सांगतोय. पाठीवर झोपत असाल तर उजव्या दंडाखाली आणि कोपराखाली एक पातळ उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवा म्हणजे हात मागे लोंबणार नाही, डाव्या कुशीवर झोपलात तर पोटाशी उशी घेऊन तिच्यावर उजवा हात ठेवा. माझ्या बऱ्याच पेशंटना व्यायामाच्या आधी या उशीनेच आराम पडलाय. एवढं करूनही रात्र काढवत नसेल तर परत डॉक्टरांकडे जा, गोळी किंवा इंजेक्शनचं विचारा, सहन करत बसण्यात काही मोठेपणा नाही.

एक नियम लक्षात ठेवा, तो सगळ्याच वाचकांसाठी आहे. व्यायाम करताना ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. संपल्यावर अर्ध्या तासात दुखणं होतं तिथे परत आलं पाहिजे. त्या रात्री नेहमीपेक्षा वाईट झोप लागली तर उद्या निम्मं करा, बंद नाही, निम्मं.

प्रश्न: वय ५८, बँकेतून व्हीआरएस घेतली आहे. बारा वर्षं डायबेटिस. डावा खांदा सहा महिने धरलाय, स्कूटर चालवता येत नाही, बनियन काढताना बायकोला हाक मारावी लागते. दोन वर्षांपूर्वी उजवा असाच झाला होता, तो सुटला. डॉक्टर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणतात. स्टिरॉइड म्हटलं की भीती वाटते, शिवाय शुगर वाढेल ना? (नाशिक)

काका, तुमची शंका निम्मी बरोबर आहे. शुगर वाढते. इंजेक्शननंतर दोन-चार दिवस, कधी आठवडाभर वाढलेली राहते आणि मग उतरते. म्हणून घेण्याआधी तुमच्या शुगरवाल्या डॉक्टरांना सांगायचं, ते आठवडाभर रोज तपासायला सांगतील, इन्सुलिन असेल तर डोस बघतील. शुगर आधीच हाताबाहेर असेल तर ती जाग्यावर आणून मग इंजेक्शन. पण सांध्यात दिलेलं एखादं इंजेक्शन आणि महिनोनमहिने खाल्लेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक दोन्हीला एकाच पिशवीत घालतात आणि घाबरतात. दुखणं जोरात असताना इंजेक्शनचा खरा उपयोग होतो, पुढचे दीड-दोन महिने दुखणं दबतं आणि तेवढ्या काळात व्यायाम करता येतात. इंजेक्शन घेतलं आणि व्यायाम केलेच नाहीत तर पैसे वाया, हे मी स्पष्टच सांगते.

डायबेटिसवाल्यांचा खांदा जास्त का धरतो हे बरेच जण विचारतात. वाढलेली साखर शरीरातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाला चिकटत राहते आणि ते कडक होत जातं, कॅप्सूल कोलॅजनचीच बनलेली. साध्या माणसांत शंभरात दोन ते पाच जणांना कधीतरी हा त्रास होतो, डायबेटिस असेल तर शंभरात दहापेक्षा जास्त. थायरॉइडवाल्यांनाही जास्त होतो, म्हणून चाळिशीतल्या बाईचा खांदा धरलेला दिसला की मी शुगर आणि थायरॉइड दोन्ही तपासायला पाठवते, दोन-तीन जणींना डायबेटिस आहे हेच मुळी खांद्यामुळे कळलं. तुमच्यासारखं एक सुटल्यावर दुसरा धरणं हेही होतं, सुटलेला तोच खांदा परत धरणं मात्र क्वचित.

डायबेटिसमध्ये वेळ जास्त लागतो, हे आत्ताच सांगून ठेवते म्हणजे तिसऱ्या महिन्यात माझ्यावर चिडणार नाही. आणि शेक घेताना जपा. तुमच्यापैकी काहींना हातापायाला नीट जाणवत नाही, गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवून फोड आलेले मी पाहिलेत. टॉवेलमध्ये गुंडाळून दहा मिनिटं, बास.

प्रश्न: मला आठ-नऊ महिने झाले, दुखणं बरंच कमी आहे पण हात खांद्याच्या वर जात नाही, केसांना क्लिप लावता येत नाही, फळीवरचा डबा काढायला स्टूल. क्लिनिकला रोज जाणं परवडत नाही आणि गावात फिजिओ नाही. घरी करायचे व्यायाम नीट सांगाल का, कशाने सुरुवात करू? व्हिडिओ बघते पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो. (संगमेश्वर)

तुम्ही दुसऱ्या पायरीवर आहात, आणि खरं काम इथेच सुरू होतं, म्हणून याचं उत्तर जरा लांबलचक देणार आहे.

व्हिडिओवाले सगळे भिंतीपासून सुरू करतात. मी छत्रीपासून करते. कारण असं की फ्रोझन शोल्डरमध्ये सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जी हालचाल जाते ती हात वर करणं नाहीच, ती आहे हात बाहेर वळवणं. आत्ता उभ्या राहा, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा, पुजारी प्रसादाचं ताट धरतो तसे हात पुढे, आणि आता कोपर न हलवता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा. चांगला हात उघडेल मस्त आणि दुसरा जागेवरच थांबेल. हा हात उघडत नाही तोवर वर जाणारच नाही, कारण वर जाताना दंडाच्या हाडाला बाहेर वळावंच लागतं, नाहीतर ते वरच्या हाडावर आदळतं. लोक महिनोनमहिने भिंत चढतात आणि दंडाचं हाड तसंच आदळत राहतं, मग खांदा दुखतो आणि व्यायाम बदनाम होतो.

तर छत्री. माझ्याकडे एक जुनी काळी लांब दांड्याची छत्री आहे, एका पावसाळ्यात कोणीतरी विसरून गेलं आणि परत न्यायला आलंच नाही, सहा वर्षं तिच्यावर खांदे सोडवतेय. तुमच्याकडे काठी, वेळूचा तुकडा, केरसुणीचा दांडा, काहीही चालेल, तीनेक फूट पाहिजे. आधी दहा मिनिटं शेक घ्या किंवा आंघोळ झाल्या झाल्या करा, कोमट पाण्याने सांधा जरा ऐकतो. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, दुखऱ्या कोपराखाली घडी घातलेला टॉवेल, कोपर कमरेजवळ आणि काटकोनात. काठी दोन्ही हातांत आडवी धरा आणि चांगल्या हाताने ढकलून दुखरा हात बाहेरच्या बाजूला न्या. दुखऱ्या हाताने काहीच करायचं नाही, त्याने फक्त प्रवास करायचा. ताण लागला की थांबा, वीस आकडे मोजा, श्वास धरू नका, मग परत. दहा वेळा, दिवसातून तीनदा. कोपर कमरेपासून सुटलं तर ते खोटं, म्हणून कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये छोटा नॅपकिन धरून ठेवा, तो पडला की समजायचं चोरी झाली.

हे करून कंटाळा आला तर दाराच्या चौकटीत करा. कोपर कमरेला, तळहात चौकटीला टेकवा आणि अंगच हळूहळू उलट्या बाजूला वळवा. पोळ्या करता करता मध्ये जाऊन करता येतं.

दुसरा व्यायाम पाठीवर झोपूनच. चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचं मनगट धरा आणि दोन्ही हात छताकडे आणि मग डोक्याच्या मागे नेता येतील तेवढे न्या. झोपून का, तर झोपल्यावर खांदा कानाकडे उचलून फसवता येत नाही, उभं राहून सगळे फसवतात, मीसुद्धा. वीस आकडे थांबा, दहा वेळा.

दोन-तीन आठवड्यांनी, हात थोडा उघडायला लागला की मग भिंत. भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभ्या राहा, दोन बोटं पालीसारखी वर चढवत न्या, आणि इथेच आरशात बघा, खांदा कानाला भिडला की तिथेच थांबायचं, त्याच्या वर चढलेलं मोजायचंच नाही. पाठ मागे वाकवून मिळवलेले दोन इंचही मोजायचे नाहीत. खूण करायची असेल तर आठवड्यातून एकदा करा, रविवारी, रोज खूण केली की रोज निराशा होते कारण हा खांदा रोज नाही सुधारत, पंधरा दिवस काही नाही आणि मग एक दिवस हात कपाळाला लागतो.

दंड छातीवरून आडवा खेचणं, म्हणजे दुखरा हात समोरून दुसऱ्या खांद्याकडे आणि चांगल्या हाताने कोपराला आधार देऊन ओढणं, हेही घाला, तेवढंच वीस आकडे.

पंचा सगळ्यात शेवटी. पाठीमागे पंचा धरायचा, चांगला हात वर मानेमागे, दुखरा हात खाली कमरेमागे, आणि पाठ पुसल्यासारखं वरच्या हाताने हळू ओढायचं. हात पाठीमागे जाणं ही बहुतेकांची सगळ्यात शेवटी परत येणारी हालचाल आहे, आणि बायकांना नेमकी तीच सगळ्यात आधी हवी असते, अर्थातच. पण घाई केली तर हाच व्यायाम सगळ्यात जास्त दुखवतो. आधी तळहात मागच्या खिशापाशी पोचू दे, मग कमरेच्या मणक्यापाशी, मग पंचा. तोपर्यंत पुढून हुक लावून मग फिरवून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

ताकदीचे व्यायाम, रबराचा पट्टा वगैरे, हात बऱ्यापैकी मोकळा झाल्यावर. आटलेल्या स्वेटरमध्ये ताकद घालून काय करणार? फक्त एक आत्तापासून करा, खुर्चीत ताठ बसून खांद्यामागची दोन्ही पाती मागे एकमेकींकडे ओढायची, पाच आकडे धरायची, सोडायची. दिवसभरात कधीही, टीव्ही बघताना, बसमध्ये. महिनोनमहिने हात छातीशी धरून तुमचे खांदे पुढे गेलेले असणार.

दारावर लावायची कप्पी-दोरी मिळते, काहींना ती फार आवडते. मी देते, पण हात निदान खांद्याच्या थोडा वर जायला लागल्यावरच, त्याआधी ती दोरी हात ओढत नाही, खांदा कानाकडे ओढते.

तुमच्या भागात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओ आहे का एकदा विचारा, रोज जायची गरजच नाही, दर पंधरा दिवसांनी एकदा कोणीतरी कोन मोजून व्यायाम बदलून दिले तरी चालतं. तीन-चार महिने नीट करूनही काहीच हललं नाही तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना भेटून पुढचं बघायचं. भूल देऊन हात फिरवणं किंवा दुर्बिणीतून कॅप्सूल सोडवणं हे पर्याय असतात. ब्रिटनमध्ये ५०३ पेशंटवर या दोन्हींची आणि इंजेक्शन अधिक फिजिओची तुलना झाली, २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, वर्षभरानंतर तिघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्यामुळे ऑपरेशनला घाबरू नका, पण पहिल्या महिन्यातच त्याच्यासाठी रांगही लावू नका.

प्रश्न: आई ६७ वर्षांची, कोल्हापूरला असते, मी पुण्यात. बाथरूममध्ये पडून मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर आणि गळ्यात झोळी. प्लास्टर काढलं, मनगट छान आहे पण आता खांदाच हलत नाही. खांद्याला तर काही लागलंच नव्हतं! मी रोज व्हिडिओ कॉलवर व्यायाम करून घेते, आई म्हणते हो करते आणि फोन ठेवला की करत नाही. (पुणे)

लागलं नव्हतं, पण सहा आठवडे झोळीत बसलेला होता. प्लास्टर मनगटाला असतं आणि बांधला जातो अख्खा हात, ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. प्लास्टर घालतानाच कोणीतरी सांगायला हवं असतं की झोळीतून दिवसातून चार वेळा हात काढून खांदा आणि कोपर हलवा, बोटं उघडा-मिटा. नाही सांगितलं कोणी, जाऊ दे आता. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आत्ता प्लास्टर असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.

चांगली बातमी अशी की नुसतं न हलवल्यामुळे आखडलेला खांदा खऱ्या फ्रोझनपेक्षा बहुतेक वेळा लवकर ऐकतो. लंबक, टेबल पुसणं आणि झोपून हात वर नेणं हे तीन पुरे सुरुवातीला. मनगट नवीन जुळलंय म्हणून काठी घट्ट धरायची आणि मनगटावर भार द्यायची घाई नको, दुसऱ्या हाताने कोपराला आधार देऊन करू दे. पडताना खांद्यालाही मार बसला असेल आणि तेव्हा मनगटाच्या दुखण्यात लक्षात आलं नसेल, असंही होतं, तर खांद्याचा एक एक्स-रे काढलेला नसेल तर काढून घ्या.

आणि आई करत नाही त्याचं. व्हिडिओ कॉलवर मुलगी मोजतेय म्हणून कोणतीही आई व्यायाम करत नाही, माझीही करत नव्हती. तिच्या कामात घाला. कपाट पुसायला सांगा, कणीक जमेल तशी मळू दे, देव्हाऱ्यातली वात सारायला त्या हाताने जाऊ दे, केस त्याच हाताने विंचरायचे आणि वेणी घालायचा प्रयत्न करायचा, अर्धी झाली तरी चालेल. लंबक मात्र कामात बसत नाही, त्याला सकाळचा चहा उकळेपर्यंतची वेळ लावून द्या.

प्रश्न: वय ३४, टेनिस बॉल क्रिकेट खेळतो. महिन्यापूर्वी डाइव्ह मारताना खांद्यावर पडलो. तेव्हापासून हात वर उचलता येत नाही पण दुसऱ्या हाताने उचलला तर पूर्ण वर जातो. नेटवर वाचून फ्रोझन शोल्डरचे व्यायाम सुरू केलेत. (डोंबिवली)

थांबव बाबा. तूच निदान लिहून पाठवलंस आणि तुलाच दिसलं नाही. फ्रोझन शोल्डरमध्ये स्वतः उचला नाहीतर दुसऱ्याने उचला, हात एकाच ठिकाणी अडतो, कारण पिशवीच आटलेली असते. तुझा दुसऱ्या हाताने पूर्ण वर जातोय म्हणजे सांधा मोकळा आहे, उचलणारी दोरी कुठेतरी बिघडलीय. पडल्यानंतर असं झालं तर रोटेटर कफ नावाचा स्नायूंचा पट्टा फाटलाय का हे आधी बघावं लागतं, सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि मोठी फाट असेल तर त्यात उशीर चालत नाही. या आठवड्यात ऑर्थोपेडिककडे जा. शिवाय ३४ वय फ्रोझनचं नाही सहसा, ते चाळीस ते साठचं दुखणं आहे, जपानीत त्याला गोजूकाता म्हणतात म्हणजे पन्नाशीचा खांदा, तुला अजून सोळा वर्षं आहेत.

काही छोटे प्रश्न एकत्र

हाडवैद्याने झटका देऊन खांदा बसवून दिला तर? (बार्शी) नको. खांदा निसटलेलाच नाहीये तर बसवणार काय? आटलेल्या कॅप्सूलला झटका दिला की ती फाटते, आणि हाडं ठिसूळ असतील तर दंडाचं हाड मोडतं. भूल देऊन डॉक्टर करतात तेव्हासुद्धा हा धोका असतो, तिथे निदान पुढचं बघायला माणसं असतात.

तेल लावून मालीश? (परभणी) हलक्या हाताने, खुशाल. मानेचे आणि पाठीचे स्नायू खांदा सांभाळून सांभाळून दमलेले असतात, त्यांना बरं वाटतं. तेल कॅप्सूलपर्यंत पोचत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. कोणतं तेल ते तुमच्या घरात ठरवा, मी त्या भांडणात पडत नाही.

सूर्यनमस्कार चालू ठेवू का? (ठाणे) पहिल्या पायरीवर नको, अंगाचा भार हातावर येतो आणि वर ताणतानाही झटका बसतो. हात कानापर्यंत जायला लागला की नमस्काराच्या पहिल्या दोन स्थितींपासून सुरू करा, हातावर भार येणाऱ्या स्थिती सगळ्यात शेवटी.

डावा खांदा दुखतो, हार्ट तर नसेल? (सोलापूर) खांदा फिरवल्यावर किंवा त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल तर बहुतेक खांदाच. पण जिना चढताना, भरभर चालताना दुखत असेल आणि थांबलं की कमी होत असेल, किंवा बरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर हे पान बंद करा आणि दवाखान्यात जा, ईसीजी आधी, खांदा नंतर.

व्यायाम किती दिवस? (चिखली) हात सुटल्यावरही काठीचा आणि पंच्याचा, आठवड्यातून तीन-चार वेळा, निदान सहा महिने. आणि दुसऱ्या खांद्याने हळूच कुरकुर सुरू केली तर त्याचा लंबक त्याच दिवशी सुरू करा.